टेकडीच्या उतारावर जागा घेताय? विसार देण्याआधी हे वाचा

(पुणे शहर आणि परिसरातील आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

बाणेर, बावधन, वारजे, कात्रज, कोंढवा या बाजूंना टेकडीच्या अंगाला पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे विकायला निघतात. भाव खालच्या प्लॉटपेक्षा बराच कमी असतो, वरून अर्धं शहर दिसतं आणि सातबारा कोरा असतो. घराचा नकाशा काढून घ्यायला ग्राहक आमच्याकडे येतात, ते बहुतेक वेळा विसार देऊन झाल्यावर. तेव्हा आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं. म्हणून हे पत्रक आम्ही सगळ्यांना आधीच देतो.

सातबाऱ्यावर मालक कोण, कर्जाचा बोजा आहे का, एवढं कळतं. त्या जागेवर बांधता येईल का, हे सातबारा सांगत नाही. त्यासाठी महापालिकेकडून झोन दाखला, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात येते याचा दाखला, आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढावा लागतो. जागा महापालिका हद्दीबाहेर असेल, तर पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, विचारावं लागतं. दाखला गट नंबरनिहाय घ्या. एकाच गटाचा खालचा भाग निवासी आणि वरचा भाग डोंगरउतार असं सर्रास असतं, आणि तुम्हाला विकला जाणारा तुकडा नेमका कुठे येतो ते मोजणीची 'क' प्रत, म्हणजे सरकारी मोजणीचा हद्द दाखवणारा नकाशा, आराखड्याच्या नकाशावर बसवल्याशिवाय समजत नाही.

झोन दाखल्यात काय लिहिलेलं असू शकतं

निवासी विभाग असेल तर उत्तम, पण पुढे दिलेला उताराचा नियम तरीही लागू आहे.

'डोंगरमाथा-डोंगरउतार' असं असेल तर १९८७ च्या विकास आराखड्यापासून चालत आलेलं बंधन आहे. इथे क्षेत्राच्या ४ टक्के इतकंच बांधकाम मिळतं. दहा गुंठे म्हणजे साधारण १,०१२ चौरस मीटर. त्याचे ४ टक्के धरले तर जेमतेम ४० चौरस मीटर, म्हणजे ४३५ चौरस फूट. एका बेडरूमचं घर. 'दहा गुंठ्यांत बंगला आणि बाग' असं सांगणाऱ्या एजंटला हा हिशेब कागदावर मांडून दाखवा.

'जैवविविधता उद्यान', म्हणजे बीडीपी, असं असेल तर घराचा विचार सोडा. १९९७ मध्ये महापालिकेत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर हे आरक्षण आहे. क्षेत्र सुमारे ९७८ हेक्टर, आणि २०१५ मध्ये राज्य शासनाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. मोबदला ८ टक्के टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क), तोही जागा महापालिकेच्या ताब्यात दिल्यावर. मोबदला वाढावा, थोडं बांधकाम मिळावं, अशी मागणी जमीनमालक वर्षानुवर्षं करत आहेत. त्यांची बाजू आम्हाला समजते. वडिलोपार्जित जमीन अडकून पडली की माणूस हवालदिल होतो. पण 'लवकरच उठणार आहे' या बोलीवर नव्याने कोणी जमीन घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

१:५ म्हणजे नक्की काय

राज्याच्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये, १:५ पेक्षा जास्त उताराची जागा बांधकामास अपात्र आहे. आडवं पाच मीटर गेल्यावर जमीन एक मीटर चढली, तर उतार १:५. अंशात सांगायचं तर जेमतेम ११. डोळ्यांना हा उतार काहीच वाटत नाही, चालत आरामात चढता येतो. ग्राहक फसतात ते इथेच.

दुसरी चूक सरासरी काढण्यात होते. समजा प्लॉट ३० मीटर खोल आहे आणि मागची हद्द पुढच्यापेक्षा ४ मीटर उंच आहे. भागाकार केला की १:७.५ येतं आणि सगळे खूश होतात. पण कंटूर नकाशा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा नकाशा, काढल्यावर दिसतं, की पहिल्या २० मीटरमध्ये जमीन एकच मीटर चढली आणि उरलेल्या १० मीटरमध्ये तीन मीटर. मागच्या तिसऱ्या हिश्श्याचा उतार १:३.३ निघाला. तो भाग बांधकामातून गेला. घर पुढच्या २० मीटरमध्येच बसवावं लागणार, आणि पुढून रस्त्याचं अंतर सोडायचं ते वेगळंच. उतार नेहमी कंटूर रेषांना काटकोनात मोजायचा. रस्त्याच्या कडेकडेने टेप धरला तर कुठलीही टेकडी सपाट भरते.

'आधी सपाट करून घेऊ'

हा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. रात्रीत पोकलेन लावतात, मुरूम खाली ढकलतात आणि सकाळी प्लॉट सपाट. यात तीन अडचणी आहेत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ नुसार जमिनीवरचं असं खोदकामसुद्धा विकासच ठरतं, त्याला आधी परवानगी लागते. विनापरवाना केलं तर कलम ५२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे. काढलेला मुरूम हे गौण खनिज, त्याचा दंड जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो. आणि जुनी उपग्रह छायाचित्रं, जुने कंटूर नकाशे कुठे जात नाहीत. मूळ उतार त्यावर दिसतोच.

याहून मोठी अडचण पाण्याची. आपल्या टेकड्या बेसाल्टच्या. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली कठीण कातळ. पावसाचं पाणी मुरमातून उतरतं आणि कातळाला अडून आडवं वाहतं. उतार उभा कापला की ते पाणी कापातून बाहेर पडतं आणि मुरूम सोबत घेऊन येतं. खाली ढकललेला भराव तर पहिल्या मोठ्या पावसात ओढ्यात जातो. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीला डोंगर बेकायदा फोडला होता. पावसाचा लोंढा थेट महामार्गावर आला आणि एक आई व तिची लहान मुलगी वाहून गेली. त्या रस्त्याने आपण सगळेच जातो.

म्हणून १:५ च्या वरच्या भागात आम्ही नकाशा काढत नाही, आणि 'सपाट करून मग मोजा' असं काम घेत नाही. नियमात बसणाऱ्या उतारावर मात्र मन लावून काम करतो. तिथे जोत्याची पातळी दोन टप्प्यांत घ्यावी, म्हणजे खोदाई कमी होते. संरक्षक भिंतीला पाणी निघायला भोकं हवीत आणि भिंतीमागे खडीचा थर हवा. वरून येणारा नैसर्गिक ओहोळ वळवू नये, त्याला मोकळी वाट ठेवून घर बसवावं. या गोष्टींना खर्च येतो. तो सपाट जागेपेक्षा किती जास्त, हे आम्ही जागा पाहूनच सांगतो, फोनवर नाही.

पहिल्या भेटीला सातबारा, फेरफार, मोजणीची 'क' प्रत आणि असल्यास झोन दाखला घेऊन या. तयार बंगला किंवा प्लॉटिंगमधला प्लॉट असेल, तर महारेरा नोंदणी क्रमांक आणि मंजूर नकाशाची प्रतही आणा. कंटूर सर्वेक्षण फेब्रुवारी ते मेमध्ये केलेलं बरं. पावसाळ्यानंतर उतारावर कमरेएवढं गवत असतं आणि हद्दीचे दगड सापडत नाहीत. त्या काळातच आम्हाला सर्वेक्षणाला यायचं झालं, तर हद्दीलगतचं गवत आदल्या दिवशी कापून घ्या आणि शेजारच्या गटाच्या मालकाला तशी कल्पना देऊन ठेवा.