दोन रेनबो कोअलिशन: हॅम्प्टनची आणि जॅक्सनची

नाव एक, शहरही शिकागोच, म्हणून अमेरिकेतले कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांची रेनबो कोअलिशन (वेगवेगळ्या वंशांच्या लोकांची आघाडी) म्हणजे ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेच्या फ्रेड हॅम्प्टनचीच पुढची आवृत्ती असं सर्रास लिहिलं जातं. तसं नाही.

हॅम्प्टनची १९६९ची. त्यात होत्या संघटना: ब्लॅक पँथर (यावरूनच १९७२मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव आलं), पोर्तो रिकन तरुणांची यंग लॉर्ड्स आणि शिकागोच्या अपटाउन वस्तीतल्या, अमेरिकेच्या दक्षिणेतून आलेल्या गरीब गोऱ्यांची यंग पॅट्रियट्स. सुरुवात पँथरचे बॉब ली यांनी अपटाउनमध्ये केली. वंशवादावर भाषण न देता त्यांनी लोकांना आपापल्या तक्रारी बोलायला लावल्या: पोलिसांची मारहाण, पडकी घरं, पुनर्विकासाच्या नावाखाली उठवल्या जाणाऱ्या वस्त्या. पॅट्रियट्सच्या कपड्यांवर तेव्हा कॉन्फेडरेट झेंडा असायचा, म्हणजे गुलामी टिकवायला लढलेल्या राज्यांचा. तो काढा मग बोलू, अशी अट पँथर्सनी घातली नाही, आणि ही गोष्ट पचवणं आजही अनेकांना जड जातं. प्रत्येक संघटना आपल्या वस्तीत स्वतंत्र राहिली. मोफत न्याहारी, दवाखाने असे उपक्रम मात्र एकमेकांकडून उचलले. उणीव अशी की सगळं मोजक्या माणसांवर उभं होतं. ४ डिसेंबर १९६९ला पोलिसांनी छापा घालून २१ वर्षांच्या हॅम्प्टनला मारलं. घराचा नकाशा एफबीआयच्या खबऱ्याने पुरवला होता. त्यानंतर आघाडी फार टिकली नाही.

जॅक्सन यांच्या आघाडीचा कणा म्हणजे मतदार, आणि साधन डेमोक्रॅटिक पक्षाची राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची निवडणूक. कृष्णवर्णीयांची मतनोंदणी, सोबत कर्जात बुडालेले शेतकरी आणि संपावरचे कामगार. १९८४मध्ये त्यांना सुमारे १८ टक्के मतं पडली, पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी मात्र १२ टक्क्यांच्या आसपासच; ठरावीक टक्केवारीखाली मतं पडली की प्रतिनिधी मिळतच नव्हते. १९८८मध्ये जवळपास ७० लाख मतं मिळाली आणि मिशिगन राज्यही जिंकलं. पण सगळं उमेदवाराभोवती फिरत असल्याने प्रचार संपला तशा राज्यांतल्या शाखा ओसरल्या.

हाती लागला तो नियमबदल: १९९२पासून प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात, किमान १५ टक्क्यांच्या अटीवर. २००८मध्ये कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क हरूनही ओबामा शर्यतीत पुढे राहू शकले, त्यामागे हा नियम होता.