औश्रा आणि उषा

लिथुआनियात एखाद्या मुलीचे नाव 'औश्रा' असेल, तर त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. औश्रा म्हणजे पहाट, आणि हा तिथला रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. उजाडू लागले की तिथे 'औश्ता' म्हणतात, तेही याच धातूचे रूप. आपल्याकडे उषा हे नाव ओळखीचे आहे, पण शेतावर निघालेला माणूस 'उषा झाली' असे म्हणत नाही, 'झुंजुमुंजु झालं' म्हणतो. मूळ एकच असलेला शब्द आपल्याकडे संस्कृतातून नाव होऊन आला आणि तिथे बोलीतच नांदत राहिला, हे मला या नावाचे सर्वांत मोठे धन वाटते.

या दोन्ही नावांचे मूळ आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत, लिथुआनियन, लॅटिन यांच्या समान पूर्वज भाषेतल्या पहाटवाचक शब्दात आहे. लिथुआनियन भाषा संस्कृतातून निघाली, असे पुष्कळदा ऐकू येते. ते खरे नाही, त्या एकाच कुळातल्या बहिणी आहेत. केवळ उच्चार जुळल्याने नाते ठरत नाही, ध्वनिबदलांची संगती लागावी लागते. उ, र, क, इ यांच्यानंतरचा मूळ 'स', लगेच पुढे 'र' नसेल तर, संस्कृतात नियमाने 'ष' होतो आणि लिथुआनियनमध्ये काही शब्दांत 'श' होतो, म्हणून इकडे उषा, तिकडे औश्रा. शेजारच्या लाटव्हियात 'स'च दिसतो, पण 'स' आणि 'र' यांच्यामध्ये 'त' शिरून 'औस्त्रा' हे नाव झाले. लॅटिनमध्ये दोन स्वरांमधला 'स' 'र' झाल्यामुळे 'आउरोरा' घडले. कानाला ते उषेपासून दूरचे वाटले, तरी नाते तितकेच सख्खे आहे. शेवटच्या 'रा'सह जुळणारा 'उस्रा' हा पहाटेचा शब्द तर ऋग्वेदातही आहे.

औश्रावरूनच 'औश्रिने', म्हणजे पहाटे दिसणारा शुक्र. हेही मुलींचे नाव आहे. एका जुन्या लिथुआनियन लोकगीतात सूर्याला विचारतात, सकाळी तुझा विस्तव कोणी पेटवला आणि रात्री तुझे अंथरूण कोणी घातले? सूर्य तिथे स्त्री आहे, आणि ती सांगते की विस्तव औश्रिनेने पेटवला, अंथरूण वाकारिनेने, म्हणजे सांजेच्या चांदणीने, घातले. वास्तविक दोन्ही एकच शुक्र.

लिथुआनियावर तेव्हा राज्य करणाऱ्या रशियन साम्राज्याने 1864 पासून 1904 पर्यंत लॅटिन लिपीतल्या लिथुआनियन छपाईवर बंदी घातली होती. त्या काळात, 1883 मध्ये, योनास बासानाविचियुस या डॉक्टरांच्या पुढाकाराने 'औश्रा' नावाचे मासिक सीमेपलीकडच्या, तेव्हा जर्मनीत असलेल्या पूर्व प्रशियात छापले जाऊ लागले आणि लोक ते लपवून आणू लागले. पहिल्या अंकाच्या शीर्षकात 'श'साठी पोलिश पद्धतीने दोन अक्षरे जोडलेली होती. आज औश्रा नावाच्या स्त्रिया आपल्या सहीत त्या जागी चेक लिपीवरून घेतलेले, डोक्यावर चिन्ह असलेले एकच अक्षर लिहितात.