कारवानला वास येत नाही? कोण म्हणतंय!

आमच्या जत भागात लहानपणापासून ऐकतोय, कारवान म्हणजे नुसता डोळ्याचा कुत्रा, पळवा पाहिजे तेवढा, पण वास हुडकायचं काम पोलिसांच्या जर्मन शेफर्डचं. अर्धं खरंय. कारवान नजरेनं शिकार करतो, पण म्हणून काय नाक बंद नसतंय की! कुत्र्याच्या नाकात वास ओळखणारे रिसेप्टर 20 कोटींच्या वर, माणसाला 50-60 लाख. अमेरिकेत सेंट वर्क नावाचा पाळीव कुत्र्यांचा खेळच आहे, अमेरिकन केनेल क्लबनं 2017 ला सुरू केला, त्यात कुठलीही जात चालते, मिक्स पण, आणि हुडकायचे वास कसले तर बर्च झाडाचा, बडीशेपेसारखा ॲनिस, सायप्रेस झाडाचा अन लवंगेचा.

म्हणजे लवंगेचा तर आपल्या मसाल्याच्या डब्यातलाच, मग घरीच करून बघितलं. कापसाच्या इअरबडला लवंगेच्या तेलाचा एक थेंब, तो भोकं पाडलेल्या डबीत बंद (तेल चाटू द्यायचं नाही हां), पंखा बंद, डबी लपवायची, सापडली की तिथंच चिकनचा तुकडा. आमची कारवान कुत्री राणी आधी सरळ पुढं निघून गेली, मग मान झटकन मागं, शेपटी थांबली, नाक फसफसायला लागलं आणि ज्वारीच्या पोत्यामागं थेट डबीवर. पळायला लागली की मात्र डोळेच चालतात, ते मान्य.