खाऱ्या पाण्याच्या तलावासाठी स्वयंचलित आम्ल डोसिंग यंत्रणेची निवड

खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावात पाण्याचा सामू, म्हणजेच पीएच, सतत वर चढत राहतो. तो ७.२ ते ७.८ या मर्यादेत राहावा म्हणून थोडे थोडे आम्ल आपोआप पाण्यात सोडणारी टाकी, पंप आणि नियंत्रक (कंट्रोलर) यांची जुळणी म्हणजे स्वयंचलित आम्ल डोसिंग यंत्रणा. ती निवडताना बहुतेक जण अचूकतेकडे पाहतात. खरे तर आधी विचारावे ते हे, की यंत्रणा बिघडली तर किती आम्ल तलावात जाईल?

या तलावाचे पाणी नावाइतके खारट नसते. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, तर अशा तलावात बहुधा ३ ते ५ ग्रॅम मीठ. पाणी ज्यातून वाहते त्या क्लोरीन बनवणाऱ्या सेलमधील टायटॅनियमच्या पट्ट्यांतून वीज गेली की या मिठापासून क्लोरीन तयार होतो. त्याच वेळी सोडियम हायड्रॉक्साइडही तयार होते, म्हणून सामू वाढतो, असे सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. क्लोरीन आपले काम करून पुन्हा क्लोराइड होतो तेव्हा तितकेच आम्ल मोकळे होते आणि हिशेब जवळपास फिटतो. सामू चढण्याचे मुख्य कारण म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जाणे. सेलमधून उठणारे हायड्रोजनचे बुडबुडे, धबधबे आणि कारंजी पाणी घुसळतात, त्यामुळे तो आणखी वेगाने निघतो.

म्हणून यंत्र घेण्याआधी पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची क्षमता, मोजावी. अल्कता जास्त तितका पाण्यात कार्बन डायऑक्साइडचा साठा जास्त, आणि सामूची चढणही वेगवान. लिटरमागे ६० ते ८० मिलिग्रॅम अल्कता अशा तलावाला सहसा पुरते. अल्कता उतरवली आणि कारंज्याचे तास कमी केले, तर आम्लाचा खप बऱ्यापैकी घटतो. काही तलावांना मग यंत्रणेची गरजच उरत नाही.

सामू सांभाळायचा तो क्लोरीनसाठी. जंतू मारणारे हायपोक्लोरस आम्ल ७.५ सामूला एकूण मुक्त (म्हणजे कामाला उपलब्ध) क्लोरीनच्या निम्मे असते, ८ ला सुमारे पाव उरते. (उन्हात क्लोरीन टिकवणारे सायन्युरिक आम्ल घातलेल्या पाण्यात हे गणित बदलते.) चढलेल्या सामूमुळे सेलच्या पट्ट्यांवर चुन्याचा थर बसतो, तर फार उतरलेला सामू प्लास्टर आणि हीटरचे धातू खातो.

आम्ल म्हणून बहुधा हायड्रोक्लोरिक वापरतात. सल्फ्युरिक आम्लातून वाफा येत नाहीत, पण पाण्यात सल्फेट साचत जाते आणि ते काँक्रीटला व सेलच्या मुलाम्याला बाधते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर अल्कता न घटवता सामू उतरवतो, मात्र बंदिस्त खोलीत वायू गळला तर गुदमरण्याचा धोका असतो.

नियंत्रणाचे प्रकार मुख्यतः दोन. पहिल्यात घड्याळानुसार रोज ठरलेले आम्ल सोडले जाते आणि सामू माणूस तपासतो. दुसऱ्यात काचेचा प्रोब, म्हणजे पाण्यात बुडवलेला संवेदक, सामू वाचतो आणि कंट्रोलर पंप चालवतो. दुसरा प्रकार ऐकायला श्रेष्ठ वाटतो, पण त्याचा सगळा भरवसा त्या प्रोबवर असतो. प्रोब सुकला, मळला किंवा जुना झाला की चुकीचा आकडा दाखवतो, आणि तो आकडा चढा असला तर पंप आम्ल ओततच राहतो. ज्या घरगुती तलावात सामू रोज साधारण सारखाच चढतो, तिथे घड्याळाचा साधा पंप पुरेसा आणि जास्त निर्धोक ठरतो. पोहणाऱ्यांची गर्दी रोज बदलत असेल तिथे प्रोब घ्यावा. मात्र त्यासोबत दिवसाच्या डोसला कमाल मर्यादा असावी, आणि थोडे आम्ल सोडून पाणी मिसळेपर्यंत पंपाने थांबावे.

आता तो बिघाडाचा हिशेब. ३१ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा १ लिटर ५०,००० लिटर पाण्याची अल्कता सुमारे १० मिलिग्रॅमने उतरवतो. अल्कता ८० असेल तर ८ लिटरमध्ये ती संपते आणि सामू कोसळतो. म्हणजे अशा तलावाशेजारी तीव्र आम्लाचा २० लिटरचा कॅन जोडून ठेवणे धोक्याचे. त्याच २० लिटरच्या टाकीत एक भाग आम्ल आणि चार भाग पाणी भरले, तर सगळी टाकी रिकामी झाली तरी अल्कता ४० वर थांबते. सामू तेव्हा सुमारे ६.३ पर्यंत घसरेल, पण पाणी पुन्हा सावरता येईल. पातळ आम्लाच्या वाफा खूप कमी येतात आणि पेरिस्टाल्टिक पंपाची (नळी दाबत द्रव पुढे ढकलणाऱ्या पंपाची) रबरी नळीही जास्त टिकते. मिश्रण करताना आम्ल पाण्यात घालावे, पाणी आम्लात कधीही नाही.

दुसरी न टाळता येणारी अट म्हणजे प्रवाहाचा स्विच. तलावाचे पाणी फिरवणारा मुख्य पंप बंद असताना डोसिंग चालू राहिले, तर आम्ल पाइपात साचते, आणि पंप पुन्हा सुरू होताच ते एकदम पोहणाऱ्यांच्या अंगावर येते. साचलेले आम्ल क्लोरीनयुक्त पाण्यात मिसळून विषारी क्लोरीन वायूही सुटू शकतो. म्हणून विजेची जोडणी मुख्य पंपाशी बांधलेली असावीच, शिवाय पाणी खरोखर वाहते आहे हे ओळखणारा स्विच वेगळा हवा.

जोडणीत प्रोब फिल्टरनंतर पण हीटर आणि सेलच्या आधी बसवतात, कारण सेलच्या भटक्या विजेने त्याचे वाचन बिघडते. आम्ल मात्र या सगळ्यांच्या पुढे, शेवटी सोडतात आणि तिथे पाणी उलटे येऊ न देणारा व्हॉल्व्ह लावतात. टाकी कंट्रोलर व लोखंडी सामानापासून दूर, गळती झेलणाऱ्या तबकात ठेवावी. वाफांनी लोखंड फार लवकर गंजते.

प्रोब ७ आणि ४ सामूच्या द्रावणांनी वेळोवेळी कॅलिब्रेट करावा, म्हणजे त्याचा आकडा जुळवून घ्यावा लागतो, आणि तो एक-दोन वर्षांत बदलावा लागतो. आठवड्यातून एकदा थेंबांच्या किटने तलावातले पाणी हाताने तपासावे. कंट्रोलरचा आकडा त्यापेक्षा ०.२ ने वेगळा आला, तर आधी डोसिंग बंद करून प्रोब तपासावा.