अनुवादकाचे दप्तर व काव्यपत्रव्यवहार (मराठवाडा)

कवितेच्या अभ्यासक-अनुवादकामागे उरणारी टिपणे, अनुवादांचे खर्डे, तपासलेली मुद्रिते (छपाईचे कच्चे नमुने) आणि कवींशी झालेला पत्रव्यवहार यांचा संग्रह. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कारभार उर्दूत चाले आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्यामुळे त्या पिढीतल्या अनेक मराठी अभ्यासकांना गालिब, इक्बाल हे उर्दू कवी मुळातून वाचता येत. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) हे त्यातले ठळक नाव.

अशा दप्तरात देवनागरी, मोडी आणि उर्दू लिपी शेजारीशेजारी सापडतात. एकच वही डावीकडून मराठीत आणि उलट्या टोकाने उर्दूत लिहिलेली असू शकते. दोन्ही मजकूर मध्ये कुठेतरी भेटतात. सरसकट एकाच बाजूने पृष्ठांक टाकले की उर्दू गझल शेवटच्या शेराकडून (दोन ओळींच्या कडव्याकडून) सुरू होते आणि समोरच्या पानावरचा अनुवाद भलत्याच शेराला जोडला जातो. म्हणून दोन्ही टोकांना वेगळे क्रमांक द्यावेत, तेही मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. ‘पक्की’ प्रत आहे म्हणून खर्डे टाकून देऊ नयेत. आधी शब्दार्थ, मग रदीफ-काफिया (शेराच्या शेवटी पुन्हा येणारे शब्द आणि त्याआधीचे यमक) मराठीत बसवण्याची खटपट, मग ती सोडून मुक्त ओळ: अनुवादकाचे खरे काम या खोडाखोडीतच दिसते.

पत्रांची मोठी अडचण तारखेची. जुन्या पत्रांवर शक, हिजरी किंवा फसली (महसुली) साल असते. हैदराबादी फसली वर्ष ऑक्टोबरात बदले. इसवी सन काढायला फसली सालात ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि जानेवारीपासूनच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवावे. खुर्दाद १३५६ फसली म्हणजे साधारण एप्रिल १९४७. तोच आकडा हिजरी समजला तर पत्र १९३७ च्या आसपास जाऊन बसते. सालच नसेल तर पाकीट बोलते: पत्त्यात पिनकोड असेल तर पत्र ऑगस्ट १९७२ नंतरचे, तिकिटावर ‘नये पैसे’ असतील तर तिकीट एप्रिल १९५७ नंतरचे. तिकिटांच्या हौसेपायी कापलेल्या कोपऱ्याबरोबर टपालाचा शिक्काही जातो, त्यामुळे पाकीट पत्रापासून वेगळे करू नये. शिवाय अशा दप्तरात बहुधा आलेलीच पत्रे असतात. अनुवादकाने पाठवलेली उत्तरे कवींच्या घरी शोधावी लागतात. त्या उत्तरांची कार्बन प्रत दप्तरात निघाली तर नशीब.

आंतर्देशीय पत्राच्या घडीवर आणि डिंक लावलेल्या कडेवरही मजकूर असतो, तो फाटतो. कोरड्या उन्हाळ्यात ठिसूळ झालेली घडी जोराने उघडली की तिथेच तुकडा पडतो. पावसाळ्यात हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी धरते. गंजक्या टाचण्या आधी काढाव्यात. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही टाळावे: पट्टीचा डिंक पिवळा होऊन अक्षरात मुरतो आणि लॅमिनेशन पुन्हा निघत नाही. कागद कापडी रुमालात बांधण्याची जुनी पद्धत वाईट नाही, फक्त आत आम्लमुक्त कागद हवा. कसर (कागद खाणारी कीड) आणि वाळवी लागू नये म्हणून दप्तर भिंतीपासून दूर, जमिनीपासून वर ठेवावे.

पत्राचा कागद ज्याला आले त्याचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा. पत्रे छापायची तर परवानगी कवीच्या घरातून घ्यावी लागते. दप्तर देणाऱ्या कुटुंबाचा होकार तेवढ्यासाठी पुरत नाही.