टाकीत इंधन किती? घरी बांधलेल्या विमानातला सेंडर आणि त्याचे बिघाड

अमेरिकेतल्या व्हॅन्स एअरक्राफ्टचं आरव्ही-७ हे सुट्या भागांचा संच आणून हौशी लोकांनी स्वतः बांधायचं विमान. दोन्ही पंखांत एकेक टाकी, प्रत्येकी २१ अमेरिकन गॅलनची, म्हणजे सुमारे ७९ लिटर. इंधनाची पातळी कळवणारा सेंडर बसतो टाकीच्या आत, पंखाच्या मुळाशी. विमान पूर्ण झाल्यावर तिथे हात घालणं जिकिरीचं. म्हणून काटा भलतंच दाखवू लागला तरी लगेच टाकी उघडू नये. दोष बऱ्याचदा बाहेरच्या वायरीत किंवा अर्थिंगमध्येच सापडतो.

आधी सेंडरची जात ओळखावी. पाच स्क्रूंनी बसवलेली गोल चकती आणि मधोमध एकच टर्मिनल दिसलं, तर तो फ्लोटचा सेंडर. टाकीवर सीसीटीव्हीच्या केबलला असतो तसा बीएनसी सॉकेट असेल, तर आत धातूच्या पट्ट्यांचा कपॅसिटिव्ह सेंडर आहे.

फ्लोटच्या सेंडरमध्ये तरंगणारा फ्लोट वर-खाली झाला की रोध बदलतो. अमेरिकी पद्धतीत टाकी रिकामी असताना २४० ओहम, अर्धी असताना सुमारे १०३ आणि भरलेली असताना ३३. युरोपात रूढ असलेल्या एका प्रकारात हेच उलटं असतं: रिकामी १०, भरलेली १८०. हा फरक फार महत्त्वाचा, कारण बिघाडाची दिशाच त्यावर ठरते. अमेरिकी सेंडरची वायर तुटली तर काटा ‘रिकामी’वर पडतो आणि वैमानिक सावध होतो, तीच वायर घासून पंखाच्या धातूला टेकली तर काटा ‘भरलेली’ दाखवतो. युरोपीय सेंडरमध्ये नेमकं याच्या उलट. खोटं ‘भरलेली’ दाखवणारा बिघाड सर्वांत घातक, म्हणून तपासणीत तो आधी शोधावा.

मास्टर स्विच बंद करून सेंडरची वायर सोडवावी आणि टर्मिनल व चकती यांच्यामध्ये मल्टिमीटर लावावा. सेंडरला बॅटरीचे १२ व्होल्ट थेट कधीही देऊ नयेत. आत इंधनाची वाफ असते. आकडा टाकीतल्या इंधनाशी जुळला तर सेंडर ठीक. मग चकती आणि बॅटरीचं ऋण टोक यांच्यातला रोध पाहावा. तो एक ओहमच्या आत हवा. टाकी गळू नये म्हणून चकतीखाली आणि स्क्रूंना लावलेलं सीलंट वीज वाहू देत नाही, त्यामुळे अर्थिंग इथेच हटकून तुटतं. चकतीपासून विमानाच्या सांगाड्यापर्यंत वेगळी वायर टाकली की प्रश्न मिटतो.

तरीही काटा चुकत असेल, तर सोडवलेली वायर आणि अर्थ यांच्यामध्ये रेझिस्टर जोडून पाहावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ३३, १०० आणि २४० ओहमचे सहज मिळतात. अमेरिकी पद्धतीच्या मीटरने त्यावर भरलेली, अर्धी, रिकामी असं बरोबर दाखवलं, तर वायर आणि मीटर दोन्ही निर्दोष. आता सेंडर काढायला हरकत नाही. हातात घेऊन फ्लोटची तरफ सावकाश फिरवावी. आकडा मध्येच उडी मारत असेल, तर आतली घासपट्टी झिजली आहे. फ्लोटमध्ये इंधन शिरलं असेल, तर तो बुडतो आणि टाकी कायम रिकामी भासते.

एक गोष्ट मात्र बिघाड नव्हे. पंख टोकाकडे वर उचललेले असल्यामुळे मुळाशी असलेला फ्लोट टाकी पूर्ण भरण्याआधीच छताला टेकतो. शेवटचे काही गॅलन काट्यावर दिसतच नाहीत.

कपॅसिटिव्ह सेंडरचा शत्रू वेगळा. तो पट्ट्यांमध्ये साठणाऱ्या विद्युतभारावरून पातळी ओळखतो आणि हा साठा इंधनाच्या परावैद्युतांकावर, म्हणजे पदार्थ भार साठवायला किती मदत करतो त्या आकड्यावर ठरतो. पेट्रोलचा परावैद्युतांक सुमारे २, तर इथेनॉलचा सुमारे २५. शुद्ध पेट्रोलवर जुळवलेला सेंडर इथेनॉलमिश्रित इंधनात असतं त्यापेक्षा जास्त दाखवतो. चांगल्या पट्ट्यांमध्ये मल्टिमीटर खुला परिपथ दाखवतो. ओहम दिसले तर पट्ट्या एकमेकींना टेकल्या आहेत किंवा मध्ये पाणी आहे.

दुरुस्तीनंतर मीटर नव्याने जुळवणं टाळू नये. १९९७ साली गायक जॉन डेन्व्हर यांच्या घरी बांधलेल्या लाँग-ईझी विमानाच्या अपघातात इंधनाची पातळी दाखवणाऱ्या काचेवर खुणाच नव्हत्या, याची तपासात नोंद झाली. विमान उड्डाणातल्या स्थितीत सपाट ठेवावं. शेपटीला चाक असेल, तर शेपटी उचलून टेकू द्यावा. टाकी रिकामी करून वापरता न येणारं इंधन तेवढं घालावं आणि तिथे शून्य ठरवावं. मग दोन-दोन गॅलन, म्हणजे सुमारे साडेसात लिटर, ओतत जावं. दर वेळी इंधन स्थिरावू देऊन आकडा नोंदवावा. विमान जमिनीवर नेहमी ज्या स्थितीत उभं राहतं, त्या स्थितीत हेच पुन्हा करावं आणि या वेळी मोजकाठीवरही खुणा करून घ्याव्यात.