'तोक्योत' म्हणताना: 'नि' की 'दे'?

जपानी वाक्याचा सांगाडा मराठी माणसाला वेगळा शिकवावा लागत नाही. कर्ता आधी, कर्म मधे, क्रियापद शेवटी. आपण नामाला 'ला', 'ने', 'हून' जोडतो, तशीच तिथे नामानंतर 'जोशि' (नामाला जोडून येणारे छोटे शब्द) येतात, आणि सामान्यरूपाची कटकटही नाही. मित्राला भेटतो: 'तोमोदाचि नि आउ'. पेनाने लिहितो: 'पेन दे काकु'. बसने जातो: 'बासु दे इकु'. सगळं इतकं जुळतं की 'नि म्हणजे ला, दे म्हणजे ने' असा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहिला जातो आणि पुढे तोच नडतो.

नडतो तो सप्तमीपाशी. 'तोक्योत राहतो' आणि 'तोक्योत काम करतो' या दोन्हींना आपला एकच 'त' पुरतो. जपानीत पहिलं 'तोक्यो नि सुन्दे इरु' आणि दुसरं 'तोक्यो दे हाताराइते इरु'.

यावर सर्रास दिला जाणारा उपाय म्हणजे 'हालचाल असेल तर दे, स्थिर असेल तर नि'. हा नियम चुकीचा आहे आणि तो शिकवणं बंद व्हायला हवं. खुर्चीवर बसणं (इसु नि सुवारु), बसमध्ये चढणं (बासु नि नोरु), खोलीत शिरणं (हेया नि हाइरु) ही सगळी हालचालच आहे, तरी 'नि' लागतो. उलट स्टेशनवर वाट पाहणं (एकि दे मात्सु) किंवा घरी विश्रांती घेणं (उचि दे यासुमु) यात कोणी जागचं हलत नाही, तरी 'दे'.

विचारायचं ते असं: या क्रियेत कोणी किंवा काही त्या जागी येऊन टेकतं का, किंवा तिथे असतं का? तसं असेल तर 'नि'. जागा म्हणजे नुसतं काम उरकण्याचं ठिकाण असेल तर 'दे'. 'कामि नि नामाए ओ काकु', कागदावर नाव लिहितो. नाव कागदावर राहतं. 'तोशोकान दे तेगामि ओ काकु', ग्रंथालयात पत्र लिहितो. लिहून झालं की पत्र उचलून चालू पडायचं, ग्रंथालयात काही उरत नाही.

क्रियापद तेच, जागाही तीच, आणि तरी दोन्ही वाक्यं बरोबर, अशी जोडी पाहिली की फरक पक्का बसतो. 'तोक्यो नि इए ओ कात्ता' म्हणजे घेतलेलं घर तोक्योत आहे. 'तोक्यो दे इए ओ कात्ता' म्हणजे खरेदीचा व्यवहार तोक्योत झाला. घर कुठेही असेल. मराठीत दोन्हींना 'तोक्योत घर घेतलं' म्हणून आपण मोकळे होतो. टॅक्सीवाल्याला 'इथे थांबवा' सांगायचं तर 'कोको दे तोमेते कुदासाइ', कारण थांबवण्याची क्रिया इथे व्हायची आहे. 'इथे गाडी लावू नका' म्हणायचं तर 'कोको नि कुरुमा ओ तोमेनाइ दे कुदासाइ', कारण गाडी इथे उभी राहणार आहे. (त्या वाक्यातला 'नाइ दे' वेगळा, त्याचा जागेशी संबंध नाही.)

सगळ्यात जास्त चुका 'आरु'वर होतात. 'आरु म्हणजे असणे, म्हणून नेहमी नि' असं पाठ केलेलं असतं. 'सान्गाइ नि तोइरे गा आरु', तिसऱ्या मजल्यावर स्वच्छतागृह आहे, हे ठीक. (जपानी तिसरा मजला म्हणजे आपला दुसरा, तिथे तळमजल्यापासून मोजतात.) पण त्याच मजल्यावर मीटिंग असेल तर 'सान्गाइ दे काइगि गा आरु'. मीटिंग ही वस्तू नाही, घडणारी गोष्ट आहे. इथे मराठीच मदतीला येते: 'आहे'च्या जागी 'होणार आहे' घालून पाहा. मीटिंग होणार आहे, जमतं; स्वच्छतागृह होणार आहे, असं आपण म्हणत नाही. जमलं तर 'दे'. परीक्षा, समारंभ, सामना, सगळ्यांना हेच लागू. भूकंपालाही: 'तोक्यो दे जिशिन गा आत्ता'.

वेळेच्या बाबतीत गोंधळ फारसा होत नाही. 'मिक्का नि' म्हणजे तीन तारखेला, 'मिक्का दे' म्हणजे तीन दिवसांत. 'क्यो' (आज) आणि 'आशिता' (उद्या) यांना यातलं काहीच लागत नाही.

अर्थावरून अंदाज बांधण्याची सवय मात्र सोडा, कारण निवड जपानी क्रियापद करतं, मराठी अर्थ नव्हे. बँकेत नोकरी करतो याला 'गिन्को नि त्सुतोमेते इरु' आणि 'गिन्को दे हाताराइते इरु' दोन्ही चालतात. 'त्सुतोमेरु'मध्ये तुम्ही त्या संस्थेत रुजू असता, 'हाताराकु'मध्ये तिथे राबता. 'राहणे'साठी 'सुमु'ला 'नि' लागतो, पण दिवस काढणे या अर्थाच्या 'कुरासु'ला बहुधा 'दे'.

म्हणून वहीत 'सुमु: राहणे' असं लिहूच नका. '(जागा) नि सुमु' असं जोशिसकट लिहा. सुवारु, नोरु, हाइरु, त्सुकु (पोहोचणे), तोमारु (मुक्काम करणे), ओकु (ठेवणे), त्सुतोमेरु ही आणखी सात 'नि'वाली तशीच घोका. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत एन५ या सर्वांत सोप्या पातळीवर जोशिच्या रिकाम्या जागा भरताना आधी वाक्याच्या शेवटचं क्रियापद वाचा, मग मागे येऊन जागा भरा.